शाळा उघडण्यापूर्वी संगणकांची तयारी

महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. सुट्टीभर बंद राहिलेल्या संगणककक्षातील यंत्रे मे अखेरीस एकदा चालू करून पाहावीत. यूपीएसच्या बॅटऱ्या व अर्थिंगही तपासून घ्यावे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, ती भंगारात काढण्याची घाई नको. उबुंटूसारखी विनामूल्य प्रणाली त्यांवर चालू शकते आणि तिच्यात मराठी टंकलेखनही होते.

आमच्या मते खरी कळीची बाब आहे ती विद्यार्थ्यांच्या नोंदींची. यू-डायस प्लसवर २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते. जनरल रजिस्टरमधील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक राहिला, तरी पुढे शिष्यवृत्ती अडू शकते. हेलपाटे मात्र पालकांच्या वाट्याला येतात. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच दोन्ही नावे पालकांसमोर ताडून पाहावीत. एका शाळेत पासवर्ड केवळ निवृत्त लिपिकांनाच ठाऊक होता, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. तो मुख्याध्यापकांकडे मोहोरबंद लिफाफ्यात असावा आणि कर्मचारी बदलताच बदलावा.