मेदाम्ले आणि लिपिडे : करडई, सोयाबीन आणि सरकीच्या तेलात फरक कशाचा?

लातूर म्हटले की सोयाबीनची बाजारपेठ आठवते, नांदेड म्हटले की कापूस. लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आणि नांदेडला कापूस संशोधन केंद्र आहे. दोन्ही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची. या भागात पूर्वी रब्बीत करडई भरपूर होत असे आणि घाण्यावरचे करडईचे तेल घरोघरी वापरले जाई. पुढे खरिपात सोयाबीन वाढले आणि स्वयंपाकघरात सोयाबीनचे रिफाइंड तेल आले. तेल बदलल्याने आहारात नेमके काय बदलले, हे मेदाम्लांच्या रचनेवरून कळते.

लिपिडे म्हणजे काय?

पाण्यात न विरघळणाऱ्या, पण हेक्झेन किंवा ईथरसारख्या द्रावकांत विरघळणाऱ्या जैविक पदार्थांना लिपिडे म्हणतात. या गुणधर्माचा उपयोग तेल कारखान्यांत होतो. करडईच्या बियांत साधारण ३० टक्के तेल असते, ते घाण्यातही निघते. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्केच असल्याने ते मुख्यतः हेक्झेन वापरून काढतात.

लिपिडांचे पारंपरिक वर्गीकरण असे :

• साधी लिपिडे : तेल, तूप, मेण. तेलाचा मुख्य घटक ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्ले.
• संयुक्त लिपिडे : यांत मेदाम्लांबरोबर फॉस्फेट, शर्करा असे इतर घटक असतात. चॉकलेट-बिस्किटांत वापरले जाणारे सोयाबीनचे लेसिथिन या गटातले.
• साधित लिपिडे : वरील दोन्हींपासून मिळणारी मेदाम्ले, तसेच कोलेस्टेरॉलसारखी स्टेरॉल.

कोलेस्टेरॉल हे प्रामुख्याने प्राणिज स्टेरॉल आहे. वनस्पती तेलांत ते नगण्यच असते. त्यामुळे पिशवीवरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्द कोणत्याही वनस्पती तेलाला लागू पडतात. त्यावरून तेलाची निवड करता येत नाही.

मेदाम्लाची ओळख दोन आकड्यांत

मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची साखळी, जिच्या एका टोकाला कार्बॉक्सिल गट असतो. साखळीत किती कार्बन आणि किती दुहेरी बंध आहेत, यावरून त्याची ओळख पटते. दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त, एक असेल तर एकअसंपृक्त आणि अधिक असतील तर बहुअसंपृक्त.

दुहेरी बंधाने किती फरक पडतो, हे १८ कार्बनच्या चार मेदाम्लांवरून दिसते. स्टीअरिक आम्ल (१८:०) सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते, ओलेइक (१८:१) सुमारे १३ अंशांना, लिनोलेइक (१८:२) उणे ५ आणि अल्फा-लिनोलेनिक (१८:३) उणे ११ अंशांच्या आसपास. साखळीची लांबी तीच. पण दुहेरी बंधाजवळ ती वाकते, रेणू एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत आणि पदार्थ पातळ राहतो.

कार्बॉक्सिल गटाच्या विरुद्ध टोकाकडून मोजल्यास पहिला दुहेरी बंध तिसऱ्या कार्बनवर असेल तर ते ओमेगा-३, सहाव्यावर असेल तर ओमेगा-६. लिनोलेइक हे ओमेगा-६ आणि अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ आहे. ही दोन्ही शरीराला तयार करता येत नाहीत, म्हणून त्यांना आवश्यक मेदाम्ले म्हणतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मेदाम्लांची ही गरज प्रथम दाखवली.

कोणत्या तेलात काय?

• करडई (नेहमीचे वाण) : सुमारे ७५ टक्के लिनोलेइक, ओमेगा-३ जवळजवळ नाही.
• सोयाबीन : सुमारे निम्मे लिनोलेइक, त्याशिवाय साधारण ७ टक्के अल्फा-लिनोलेनिक.
• सरकी : सुमारे निम्मे लिनोलेइक, मात्र संपृक्त पामिटिक आम्ल २२ ते २५ टक्के. कच्च्या तेलात गॉसिपॉल हा विषारी घटक असल्याने ते शुद्ध करूनच खातात.
• जवस : निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक.

म्हणजे करडईकडून सोयाबीनकडे वळताना लिनोलेइक कमी झाले आणि थोडे ओमेगा-३ वाढले. करडईचेच तेल वापरणाऱ्या घरात ओमेगा-३ची उणीव मराठवाड्यातली जवसाची चटणी चांगली भरून काढते.

तळताना आणि साठवताना

दुहेरी बंध जितके जास्त, तितका हवेतील ऑक्सिजन तेलावर लवकर परिणाम करतो. कढईच्या कडेला बसणारा करडई तेलाचा चिकट थर त्यातूनच तयार होतो. जवसाचे तेल रंगांत वापरतात तेही याच गुणामुळे. म्हणून अशी तेले झाकून, उजेडापासून दूर ठेवावीत आणि तळणीसाठी पुन्हा पुन्हा वापरू नयेत.

तेलात हायड्रोजन मिसळून दुहेरी बंध कमी केले की वनस्पती तूप बनते. ही प्रक्रिया अर्धवट राहिली तर काही बंधांची रचना बदलून ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयविकाराचा धोका वाढवतात. भारतात १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

त्यामुळे तेल घेताना पिशवीच्या मागचा तक्ता वाचावा. संपृक्त, एकअसंपृक्त, बहुअसंपृक्त आणि ट्रान्स हे चार आकडे पाहिले की दोन तेलांतला फरक समजतो.