पगार वाढला, विमा सुटला : नागपूरच्या गिरणीपासून सीताबर्डीच्या दुकानापर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/ सार्वजनिक आरोग्य विम्यातून सभासद गळाला, की तो नाराज होऊन गेला असे मानले जाते. दवाखान्यातील रांगा आणि औषधांची टंचाई ही कारणे आहेतच. परंतु नागपूरच्या कामगारांचा इतिहास आणखी एक कारण दाखवतो. पुष्कळदा सभासद योजना सोडत नाही. नियमच त्याला बाहेर काढतो.

२/ सीताबर्डीच्या टेकडीपासून जवळच १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तेथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई आली. त्या काळाच्या मानाने हे मोठेच पाऊल होते. तरीही ती मालकाची उदारता होती, कामगाराचा कायदेशीर हक्क नव्हता.

३/ हक्काचा आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ च्या अहवालात मांडला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ मध्ये नागपूर व मुंबई येथे योजना सुरू झाली. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते.

४/ कामगार व मालक दोघांनी वर्गणी भरायची. बदल्यात उपचार, आजारपणातील भत्ता, प्रसूतिलाभ आणि कामावरील इजेची भरपाई. मात्र कायद्यात वेतनाची कमाल मर्यादा होती : महिना ४०० रुपये. त्यावर कमावणारा स्वतःची सोय स्वतः पाहील, हे त्यामागील गृहीतक.

५/ महागाईबरोबर वेतन वाढत राहिले. मर्यादा मात्र अधूनमधून, सरकारी निर्णयानेच हलली. २०१० मध्ये ती १५,००० झाली, जानेवारी २०१७ मध्ये २१,००० झाली आणि पुढे अनेक वर्षे तेथेच राहिली. दोन निर्णयांमधील काळात दर वेतनवाढीला काही सभासद बाहेर पडत.

६/ समजा, सीताबर्डीच्या एखाद्या मोठ्या दुकानातील विमाधारक विक्रेत्याचे वेतन २०,८०० आहे. २०१९ पासूनच्या दराने त्याची वर्गणी ०.७५ टक्के, म्हणजे १५६ रुपये, मालकाची ३.२५ टक्के, म्हणजे ६७६ रुपये. मे महिन्यात ५०० रुपयांची वाढ मिळाली, तर वर्गणी ३० सप्टेंबरपर्यंत चालते आणि तिच्यावरचा लाभ पुढील ३० जूनला संपतो. वाढ ५०० रुपयांची. गेले ते साऱ्या कुटुंबाचे उपचार.

७/ बाहेर जाण्याची दुसरी वाट याच्या उलट आहे : काम सुटणे. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य शासनाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. विमा नोकरीला बांधलेला असल्याने रोजगारामागोमाग तोही सुटणार, हे ठरलेलेच. कारखाना बंद पडून बेकार झालेल्या विमाधारकांसाठी भत्ता व उपचार देणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून, म्हणजे गिरणीला टाळे लागल्यानंतर आली.

८/ तिसरी वाट तुटक कामाची. आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. सणापुरत्या किंवा कंत्राटी कामगाराच्या वेतनातून कपात होते. पण दिवस भरले नाहीत, तर भत्ता हाती लागत नाही.

९/ यात सर्वांत कठोर भाग वार्धक्याचा. किमान ५ वर्षे विमाधारक राहून निवृत्त होणाऱ्यास वर्षाला १२० रुपयांत स्वतःचे व जोडीदाराचे उपचार मिळतात. परंतु निवृत्तीपूर्वीच वेतन मर्यादेपलीकडे गेले, तर अनेक वर्षांची वर्गणी असूनही ही सोय हुकत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाने अशा निवृत्तांपैकी काहींना, ३०,००० रुपयांपर्यंतच्या वेतनाची अट घालून, पुन्हा सामावून घेण्याचे ठरवले.

१०/ ज्या १९४८ मध्ये भारताने हा कायदा केला, त्याच वर्षी ब्रिटनने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करून उपचार वेतनापासून व वर्गणीपासून वेगळे केले. भारतात ते वेतनाच्या आकड्याशी जोडलेले राहिले. म्हणूनच येथील गळती मोजताना किती जण गेले एवढे पाहून भागत नाही. कोणत्या नियमाने गेले, हेही पाहावे लागते.