सापडले ते कोठे?

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करण्याचे काम संपादक मंडळाने माझ्यावर सोपविले, तेव्हा ते आठवड्याभरात उरकेल असे वाटले होते. शाळेच्या कपाटांतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या घरांतून छायाचित्रे पुष्कळ निघाली. परंतु बहुतेकांची पाठ कोरी. फेटा बांधलेले ते पाहुणे कोण, मंडप कोणत्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचा, मागची भिंत भाड्याच्या जुन्या वास्तूची की आजच्या इमारतीची, हे खात्रीने सांगणारे आता फार थोडे उरले आहेत. त्या कोऱ्या पाठी उलटसुलट करून पाहताना मला इंग्लंडमधील एका स्थानिक इतिहाससंस्थेची वारंवार आठवण होत होती. इतिहास शिकवीत असताना तिच्याविषयी वाचले होते. आपल्या वाचकांना ती हकीकत रुचेल असे वाटते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ससेक्स नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्हा. तेथील लूइस या गावी विल्यम द वॉरेन हा नॉर्मन सरदार आणि त्याची पत्नी गुंड्राडा यांनी अकराव्या शतकात एक ख्रिस्ती मठ स्थापन केला होता. आठव्या हेन्रीने देशभरातील मठ खालसा केले तेव्हा हाही पाडला गेला. त्यानंतर तीन शतकांनी, १८४५ साली, ब्रायटनहून येणारा लोहमार्ग नेमका त्या भग्नावशेषांतून आखण्यात आला. ऑक्टोबर महिन्यात मजुरांच्या कुदळींना शिशाच्या दोन लहान पेट्या लागल्या. एकीवर गुंड्राडा, दुसरीवर विल्यम, अशी नावे होती. नावे होती म्हणून त्या वाचल्या. आज त्या तेथील साउथओव्हरच्या चर्चमध्ये आहेत. परंतु त्याच खोदकामात मानवी हाडांनी भरलेला एक मोठा खड्डाही निघाला. १२६४ साली लूइस येथे राजा आणि सरदार यांच्यात झालेल्या लढाईतील मृतांची ती हाडे असावीत, असा तर्क आहे. तो तर्कच राहिला. ती हाडे वाघिणी भरभरून नेली गेली आणि लोहमार्गाच्या भरावात पडली. त्यांच्यावर नावे नव्हती.

पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, ससेक्स पुरातत्त्व संस्थेची स्थापना झाली. पुढाकार घेणाऱ्यांत याच काळातील सरदारांच्या बंडावर ग्रंथ लिहिणारे विल्यम ब्लाव होते, तसेच लूइसमध्ये शाळा चालविणारे मार्क अँटनी लोअर हेही होते. एका शिक्षकाचे नाव या यादीत पाहून मला झालेला आनंद वाचकांनी समजून घ्यावा. १८४८ मध्ये संस्थेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. १८५० मध्ये तिने लूइसचा पडका किल्ला भाडेपट्ट्याने घेतला. तिच्या खंडांत काय असते? जुनी मृत्युपत्रे, चर्चच्या हिशेबवह्या, लोखंड गाळण्याच्या बंद पडलेल्या भट्ट्या, थडग्यांवरील लेख. हे लेखन बरेचसे रूक्ष आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु वस्तू कोणत्या शेतात, किती खोलीवर, कोणासमक्ष निघाली, हे लिहून ठेवण्याची शिस्त अशाच रूक्ष पानांतून मुरत गेली. आपल्याकडे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, त्यामागेही घरोघरीची दप्तरे डोळ्यांदेखत नाहीशी होत असल्याची कळकळ होती.

ही शिस्त मोडली की काय होते, याचेही उदाहरण दुर्दैवाने ससेक्समध्येच घडले, आणि ते घडविणारा गृहस्थ याच संस्थेचा सभासद होता. चार्ल्स डॉसन हा व्यवसायाने वकील. संस्था ज्या कॅसल लॉज नावाच्या घरात भाड्याने होती, ते घर त्याने १९०३ च्या सुमारास परस्पर विकत घेतले आणि संस्थेला बिऱ्हाड हलवावे लागले. पुढे १९१२ च्या डिसेंबरात लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीपुढे त्याचे नाव गाजले. पिल्टडाउन येथील खडीच्या खाणीत त्याला म्हणे माणूस आणि वानर यांना जोडणारी कवटी मिळाली होती! पहिला तुकडा खाणीतील मजुरांनी दिला असे तो सांगे. तो नक्की केव्हा, याचा मेळ त्याच्या सांगण्यात लागत नसे. १९१५ मध्ये त्याने आणखी एका ठिकाणी तसेच अवशेष मिळाल्याचे कळविले, पण ते शेत कोणते हे स्पष्ट झाले नाही. १९१६ मध्ये तो वारला आणि त्याचे सहकारी आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनाही ती जागा निश्चित करता आली नाही.

१९५३ साली परीक्षणाअंती सिद्ध झाले की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले आणि सारे तुकडे रंगविलेले होते. मोठमोठे विद्वान चाळीस वर्षे फसले. लूइसमधील हॅरी मॉरिस नावाच्या एका बँक कारकुनाने मात्र आपल्या संग्रहातील पिल्टडाउनच्या गारगोटीबरोबर एक चिठ्ठी ठेवली होती, की हा दगड डॉसनने फसविण्याच्या हेतूने रंगविला आहे. ती चिठ्ठी मॉरिसच्या हयातीत जगापुढे आली नाही. १९५३ मध्ये बिंग फुटले, तेव्हा ती उजेडात आली. त्याने ते उघडपणे का सांगितले नाही, हा प्रश्न मला अजून छळतो. पण निदान त्याने लिहून ठेवले.

यानंतरची हकीकत सुखद आहे. १९६० मध्ये चिचेस्टर शहराजवळील फिशबोर्न येथे पाण्याच्या नळाचा चर खोदताना प्राचीन बांधकामाचे अवशेष दिसले. १८४५ आणि १९६० या दोन सालांतील फरक येथे कळतो. कुदळ तशीच होती, परंतु या वेळी बातमी कोणाला द्यायची हे ठाऊक होते. १९६१ च्या ईस्टरमध्ये चिचेस्टरच्या मंडळींनी चाचणी उत्खनन सुरू केले. नेतृत्व बॅरी कनलिफ या केंब्रिजच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे होते आणि हाताखाली हौशी स्वयंसेवक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एक विस्तीर्ण रोमन प्रासाद हळूहळू उघडा झाला. रोमन रस्त्यांचे अभ्यासक आयव्हन मार्गरी यांनी ती जमीन विकत घेऊन ससेक्स संस्थेच्या हवाली केली, आणि १९६८ पासून तेथे संग्रहालय आहे.

प्रेक्षक तेथे डॉल्फिनवर बसलेल्या मदनाची कुट्टिमचित्राची फरशी पाहण्यास जातात. मला मात्र तेथील बाग अधिक महत्त्वाची वाटते. उत्खनन करताना चिवट, खडीमिश्रित जमिनीत सुपीक मातीने भरलेले अरुंद चर आढळले. ते वळणे घेत, कोनाडे करीत गेले होते. एकोणीस शतकांपूर्वी माळ्यांनी झुडपांचे कुंपण लावण्यासाठी ते खणले होते. उचलून कपाटात ठेवावी अशी वस्तू तेथे एकही नव्हती, होता तो केवळ मातीच्या रंगातील फरक आणि त्याचे स्थान. त्या खुणांचे नकाशे काढले गेले म्हणूनच त्याच रेषांवर सदाहरित झुडपे पुन्हा लावता आली. ती आजही तेथे आहेत.

या स्मरणिकेतील काही छायाचित्रांखाली केवळ ‘अनोळखी’ असे छापलेले आढळेल. अंदाजाने नाव घालणे सोपे होते. संपादक मंडळाने ते टाळले. त्यांतील एकात कडुनिंबाच्या झाडाखाली सात मुली आणि एक शिक्षिका उभ्या आहेत. डावीकडून तिसऱ्या मुलीच्या हातात ढाल आहे. ती कोण, ढाल कोणत्या स्पर्धेची आणि ते झाड कोठले, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कार्यालयात कळवावे. सोबत आपले नाव, आणि ही माहिती आपणांस कशी झाली तेही, लिहावे.