लोक काय म्हणतील?

आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या दोघींची ही गोष्ट.

अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. बालविधवेनं तोंड लपवून जगायचं, असा तो काळ. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. ताराबाई मोडक यांनी तर १९२१ साली घटस्फोट घेतला होता, पदरी लहान मुलगी असताना.

१९४५ साली दोघी बोर्डीत एकत्र आल्या. मुलं शाळेत येईनात, तर त्यांच्या अंगणातच बालवाडी भरवली, तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पुढे ताराबाईंना पद्मभूषण, अनुताईंना पद्मश्री मिळाली.

लोकांच्या बोलण्याला भिऊन त्या घरी बसल्या असत्या तर?

तुमच्या गटात एखादी माहेरी परतलेली लेक असेल, तर तिला एवढंच विचारा: बाई, तुला काय करायचंय?