पाच हजार किलोमीटर बसायचे कशावर?

डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे यांची 'भारत जोडो' यात्रा कन्याकुमारीहून निघाली आणि पुढच्या वर्षी काश्मीरला पोहोचली. अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर. यात्रेत शंभरावर तरुण होते, त्यांत मुलीही होत्या, आणि ही मंडळी चालली ती सायकलवरून. १९८८ साली दुसरी यात्रा निघाली, ती ईशान्येकडच्या इटानगरपासून गुजरातच्या ओखापर्यंत. स्वतः बाबांना पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बसताच येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच शक्य होते. ज्याला बसता येत नाही अशा माणसाने शे-सव्वाशे जणांना महिनोन् महिने सायकलच्या सीटवर बसवले, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

बाबांनी १९७३ साली हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा भामरागडच्या त्या जंगलात अंतर हाच पहिला प्रश्न होता. माडिया लोक आजाऱ्याला खाटेवर घालून दोन-दोन दिवसांची वाट तुडवत दवाखान्यात आणीत. १९७६ साली तिथे आश्रमशाळा निघाली ती निवासी, कारण रोज घरून शाळेत यावे अशी ती अंतरेच नव्हती. पुढे रस्ते झाले, सायकली आल्या. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकली मिळत आल्या आहेत. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या कितीतरी मुली अशा सायकलवरून शाळेला जातात. पाच किलोमीटर म्हणजे जाऊन-येऊन दहा. वर्षात शाळेचे दोनशे दिवस धरले, तर एक मुलगी वर्षाला दोन हजार किलोमीटर सायकल चालवते. अडीच वर्षांत तिची कन्याकुमारी-काश्मीर यात्रा पुरी होते, आणि तिच्या स्वागताला कुणी हार घेऊन उभे नसते.

एवढे अंतर ती कशावर बसून कापते, हा आजचा विषय आहे. सायकलच्या चाकाचा, साखळीचा, डायनॅमोचा इतिहास विज्ञानाच्या पुस्तकांत सापडतो. सीटचा सापडत नाही, आणि बायकांच्या सीटचा तर नाहीच.

आधी हाडांकडे पाहू. आपण बसतो तेव्हा वजन पेलतात ती कमरेच्या हाडांची खालची दोन टोके. त्यांना आसनास्थींचे उंचवटे म्हणू. कठीण पायरीवर बसून हात खाली सरकवला तर ते हाताला लागतात. या उंचवट्यांपासून दोन दांड्या पुढे जातात आणि जवळ येत येत पुढच्या सांध्यात मिळतात, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. स्त्रीच्या कमरेतून मूल बाहेर यायचे असते, म्हणून हा व्ही तिच्यात रुंद असतो, बराचसा काटकोनाच्या जवळ जाणारा. पुरुषांत तो त्यापेक्षा अरुंद असतो. दोन उंचवट्यांमधले अंतरही स्त्रियांत सरासरीने एक-दोन सेंटिमीटर जास्त भरते. 'सरासरीने' हा शब्द महत्त्वाचा. रुंद कमरेचे पुरुष असतात आणि अरुंद कमरेच्या बायकाही. बाहेरून दिसणाऱ्या अंगकाठीवरून या हाडांचा अंदाज मुळीच बांधता येत नाही.

ताठ बसले की वजन उंचवट्यांवर येते. ती जागा त्यासाठीच घडलेली आहे. पुढे वाकले की कंबर पुढे कलंडते आणि वजन त्या दोन दांड्यांवर आणि त्यांच्या मधल्या मऊ भागावर सरकते. तिथे कातडी नाजूक असते आणि दांड्यांच्या आतल्या अंगाने एक महत्त्वाची नस आणि रक्तवाहिन्या गेलेल्या असतात.

आता थोडे गणित करू. मुलीचे वजन ५० किलो, त्यातले ३३ किलो सीटवर आले आणि अंग टेकलेले क्षेत्र ११० चौरस सेंटिमीटर आहे असे धरू. दाब झाला दर चौ. सें.मी.ला ०.३ किलो. पाऱ्याच्या भाषेत हे सुमारे २२० मिलिमीटर होतात. केशवाहिन्यांत रक्ताचा दाब जेमतेम ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सीटला टेकलेल्या भागातले बारीक रक्ताभिसरण जवळजवळ बंद पडते. खुर्चीवर मांड्यांसकट आठशे चौ. सें.मी. टेकतात, त्यावर ४० किलो आले तरी दाब ३७ मिलिमीटरच्या आसपास राहतो. म्हणून खुर्चीवर तासभर बसवते. अनुभवी सायकलस्वार दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर पायडलवर उभे राहतात ते याच कारणाने. कोंडलेले रक्त तेवढ्यात फिरून येते.

मग सीट गुबगुबीत केली की झाले, असे कुणालाही वाटेल. इथेच फसगत आहे. कणकेच्या गोळ्यावर दोन अंगठे दाबून बघा. अंगठे खाली जातात आणि मधली कणीक वर येते. फार मऊ सीटवर हेच घडते. हाडे रुततात, आणि मधला फुगवटा नको तिथे दाबतो. पहिल्या किलोमीटरला सुख आणि दहाव्याला बधिरपणा. घोड्याच्या खोगिरात जे वाटेल ते कोंबतात त्यावरून आपल्याकडे 'खोगीरभरती' हा शब्द आला. सायकलच्या दुकानात स्पंजचे जे जाड कव्हर विकतात त्याला इतका नेमका शब्द दुसरा नाही.

खोगिराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. युरोपात प्रतिष्ठित बाईने घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायचे, असा रिवाज होता. तो इतका मुरलेला, की १८७४ साली इंग्लंडात उंच चाकाची एक सायकलही बायकांसाठी तशी, एका बाजूला बसायची बनवली गेली. ती चालवणे किती अवघड होते ते सांगायला नको. मराठी मुलखात कासोट्याच्या नऊवारीत घोड्यावर मांड टाकून बसणाऱ्या बाया होत्या; झाशीच्या राणीचे चित्र काढताना कुणाला शंका पडत नाही. पुढे गोल पाचवारी साडी आली आणि आपल्याकडे मांड टाकणे अवघड होऊन बसले. कपड्याने शरीराला काय करू द्यायचे हा प्रश्न सायकलच्या इतिहासात सतत डोके वर काढतो.

१८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' काढली, १८८८ साली डनलॉप यांची हवेची धाव आली, आणि बाई सायकलवर बसली. लगेच डॉक्टरांना चिंता पडली. सायकलने तिच्या गर्भाशयाला धोका आहे काय, ही एक. सीटच्या पुढच्या नाकाने तिच्या मनात नको त्या भावना जागतील काय, ही दुसरी. आणि हिने जास्त शाई खाल्ली. ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट डिकिन्सन यांनी १८९५ साली या विषयावर लेख लिहिला. ते सायकलच्या बाजूचे होते, पण सीटच्या कोनाबद्दल त्यांनाही हीच काळजी होती.

गंमत अशी की या चुकीच्या काळजीतून काही बरोबर वस्तू निघाल्या. १८९० च्या दशकात अमेरिकेत 'आरोग्यदायी' सीटांचे पीक आले. स्पाल्डिंग कंपनीची 'क्रिस्टी' सीट त्यांतली नावाजलेली. धातूच्या चौकटीवर दोन गाद्या, दोन हाडांसाठी दोन, आणि मधे मोकळी जागा. आजच्या महागड्या सीटच्या शेजारी तिचे चित्र ठेवले तर नात ओळखू येईल. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८८२ साली वेगळी वाट धरली. त्यांच्या सीटमध्ये भरती नव्हतीच. जाड चामडे पुढच्या आणि मागच्या टोकांना रिव्हेटने ताणून बसवलेले. आपल्या बाजेसारखेच हे. बाजेची सुंभे वापरणाऱ्याच्या अंगाप्रमाणे सैल होतात, तसे हे चामडे काही शे किलोमीटरांनंतर बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे खोलगट होते. तोवर ते लाकडासारखे लागते, हेही खरे. याच सीटची बायकांसाठीची आवृत्ती नाकाने आखूड असे, घागरा अडकू नये म्हणून. हाडांचा त्यात विचार नव्हता, कपड्याचा होता.

त्या काळात बायका थोडेथोडके अंतर कापत नव्हत्या. ॲनी लंडनडेरी १८९४ साली बोस्टनहून जगप्रवासाला निघाली, ती ४२ पौंडांची बायकांची सायकल घेऊन. शिकागोत तिने ती टाकली आणि त्याच्या निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली, घागऱ्याच्या जागी विजार. फॅनी बुलक वर्कमन ही अमेरिकन बाई आणि तिचा नवरा १८९७ पासून पुढची दोन-तीन वर्षे हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन आणि जावा मिळून सुमारे चौदा हजार मैल सायकलवर हिंडले. आपल्या देशात बाईने सायकलवरून लांबचा प्रवास करण्याचा हा इतिहास असा सव्वाशे वर्षांचा आहे.

मग मोटारगाडी आली. अमेरिकेत सायकल लहान मुलांची झाली आणि सीटवरचा विचार थांबला. आपल्याकडे सायकल राहिली, पण 'लेडीज' म्हणजे वाकवलेला दांडा आणि मागच्या चाकाला जाळी, एवढाच तिचा अर्थ उरला. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांतल्या अनेकींना पुरुषांचीच सायकल पसंत पडली, कारण त्या दांड्यावर मूल बसवता येते. कारखानदाराने बायकांसाठी काय ठरवले आणि बायकांना काय हवे होते यांतले अंतर या एका दांड्यावर मोजता येते.

सीटचा विचार पुन्हा सुरू झाला तो जॉर्जिना टेरी या अमेरिकन यंत्र-अभियंता बाईमुळे. १९८५ साली, म्हणजे भारत जोडो यात्रा निघाली त्याच वर्षी, तिने बायकांच्या मापाच्या सायकली बनवणारी कंपनी काढली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने मधे भोक असलेली सीट बाजारात आणली. क्रिस्टी सीटनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी! आणि १९९७ साली बोस्टनच्या अर्विन गोल्डस्टीन या डॉक्टरांनी सायकलच्या सीटने पुरुषांत नपुंसकत्व येऊ शकते असे म्हटल्यावर मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या. बायकांची तक्रार शतकभर जुनी होती, पण पुरुषांची तक्रार आल्यावर प्रयोगशाळेला पैसा मिळाला, ही नोंद संशोधनाच्या क्षेत्रात वावरणारी व्यक्ती म्हणून मला करावीशी वाटते.

बायकांची मोजमापे त्यानंतर झाली. येल विद्यापीठाच्या मार्शा गेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ४८ सायकलपटू आणि २२ धावपटू स्त्रियांची तुलना केली. सायकलपटूंमध्ये जननेंद्रियाच्या भागाची संवेदना कमी झालेली आढळली. २०१८ च्या एका मोठ्या पाहणीने दुसरी बाजू दाखवली. सायकल चालवणाऱ्या बायकांचे लैंगिक आरोग्य इतरांपेक्षा वाईट नव्हते, पण मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बधिरपणा आणि सीटने होणाऱ्या जखमा त्यांच्यात जास्त होत्या. म्हणजे सायकल सोडावी असे काही नाही. त्याच २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या विशीतल्या मुलीने सायकलवरून जगप्रदक्षिणा पुरी केली, २९,००० किलोमीटर, १५९ दिवसांत.

पण जखम, सूज, लघवीची जळजळ या गोष्टी आठवीतली मुलगी वर्गात सांगत नाही. घरीही सांगत नाही. ती एक दिवस सायकल आणत नाही, मग दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. या दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून शाळेतल्या एखाद्या बाईंनी मुलींशी निराळे बसून याबद्दल बोलायला हवे, असे मी म्हणेन.

बोलण्याबरोबर मोजताही येते. खोक्याच्या नळीदार पुठ्ठ्याचा तुकडा कठीण बाकावर ठेवून त्यावर किंचित पुढे झुकून बसायचे आणि उठायचे. पुठ्ठ्यात दोन खळगे पडतात. त्यांच्या मध्यांतले अंतर पट्टीने मोजायचे; त्यात दोन सेंटिमीटर मिळवले की सीटच्या मागच्या भागाची किमान रुंदी मिळते. मुलामुलींनी आपापली मापे घरी घेऊन, नाव न घालता, चिठ्ठीवर आणली तर वर्गाचा आलेख काढता येईल. दोन टेकड्या किती एकमेकींत शिरतात ते त्यात दिसेल, आणि 'सरासरी' शिकवायला यापेक्षा बरे उदाहरण मला सुचत नाही.

नवी सीट घेणे सगळ्यांना परवडणारे नाही, आणि पुष्कळदा त्याची गरजही नसते. आपली साधी सायकल ताठ बसून चालवायची आहे, तिला रुंद, स्प्रिंगांची, बेताची घट्ट सीट योग्यच आहे. बिघडलेली असते ती मांडणी. मोठ्या माणसाची सायकल लहान मुलीला मिळते. सीट उंच असली की पाय पुरत नाही, कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि दर फेऱ्याला कातडी घासते. बसून टाच खालच्या पायडलवर टेकवली की गुडघा नुकता सरळ व्हावा, एवढीच उंची हवी. सीटचे नाक वर उचललेले असेल तर ते सगळ्यात वाईट. लांब पट्टी सीटवर आडवी ठेवून ती जमिनीला समांतर आहे ना ते बघावे. येलच्याच गटाने २०१२ साली आणखी एक गोष्ट दाखवली. हँडल सीटपेक्षा खाली असेल तर पुढच्या मऊ भागावरचा दाब वाढतो आणि संवेदना कमी होते. तेव्हा हँडल सीटच्या पातळीला किंवा बोटभर वर आणावे. दांडा वर घेताना त्यावरच्या खुणेच्या पलीकडे मात्र ओढू नये. त्याला एक पाना आणि पाच मिनिटे लागतात.