पबपासून प्रेतापर्यंत : लंडनच्या गुन्हे-फेरीची कुळकथा

लंडनच्या ईस्ट एंड भागात संध्याकाळी निघणाऱ्या गुन्हे-फेरीचा साचा ठरलेला आहे. अनोळखी माणसे एका जागी जमतात. गाइड त्यांना गल्लीबोळांतून हिंडवतो, प्रेत सापडलेल्या जागी थांबवतो, कोणी काय पाहिले आणि किती वाजता पाहिले ते सांगतो. वाटेत किंवा शेवटी व्हिक्टोरियन काळातला एखादा पब येतो आणि तिथे ग्लास समोर ठेवून खुनी कोण यावर वाद रंगतो. या करमणुकीचे मूळ सांगताना सहसा तीन नावे घेतली जातात : फाशीची जत्रा, मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन आणि पोलिसांच्या सोबतीने केलेली गरीब वस्तीची सैर. तिन्ही नावांत तथ्य आहे, पण प्रत्येकात काही ना काही उणे पडते. पब, पायपीट, प्रेताची जागा, साक्षी आणि निवाडा ही पाचही अंगे एकत्र असलेली प्रथा लंडनमध्ये एकच होती आणि ती करमणूक नव्हती, सरकारी काम होते. ती म्हणजे कोरोनरची मृत्यूचौकशी, अर्थात इन्क्वेस्ट.

कोरोनरचे पद इंग्लंडमध्ये ११९४ पासूनचे. मृत्यू अचानक, हिंसक किंवा संशयास्पद असला की त्याने आसपासच्या रहिवाशांतून किमान १२ जणांची ज्युरी बसवायची, साक्षी घ्यायच्या आणि मृत्यू कसा झाला याचा निवाडा करून घ्यायचा, अशी रीत. (हीच संस्था ब्रिटिशांनी मुंबईतही आणली.) त्यात एक अट अशी होती की, कोरोनर आणि ज्युरी यांनी प्रेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकशी वैध ठरत नसे. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मोठ्या भागात ना कोरोनरला कायमची कचेरी होती, ना वस्त्यांना धड शवागार. वीस-तीस माणसे बसतील अशी खोली, शेकोटी, टेबल-खुर्च्या आणि शाई-कागद हे सगळे तातडीने मिळण्याचे ठिकाण प्रत्येक वस्तीत एकच होते : पब. मालक जागेचे भाडे फारसे मागत नसे, कारण ज्युरी, साक्षीदार, बातमीदार आणि बघे यांच्या पिण्यातून त्याची वसुली होई. प्रेत मृताच्या घरी असे, नाहीतर पबच्याच मागच्या पडवीत किंवा तळघरात.

कामाचा क्रमही ठरलेला होता. पॅरिशचा शिपाई घरोघर फिरून ज्युरीतली माणसे गोळा करी. पबच्या वरच्या मजल्यावर शपथ होई. मग कोरोनर पुढे आणि ज्युरी मागे अशी सगळी मंडळी उठून प्रेत असेल तिथे चालत जात, ते निरखून पाहत आणि पुन्हा पबमध्ये येऊन साक्षी ऐकत. आजच्या फेरीचा आराखडा हाच आहे.

हा आराखडा सर्वांत स्पष्ट दिसतो तो व्हिक्टोरिया राणी गादीवर येण्याच्या २६ वर्षे आधी, रॅटक्लिफ हायवेच्या खुनांत. ७ डिसेंबर १८११ च्या रात्री टिमथी मार हा कापडदुकानदार, त्याची बायको, तान्हे मूल आणि दुकानातला पोऱ्या यांचा दुकानातच खून झाला. इन्क्वेस्ट भरला रस्त्यापलीकडच्या ‘जॉली सेलर’ पबमध्ये. ज्युरीने आधी दुकानात जाऊन चारही प्रेते पाहिली आणि मग रस्ता ओलांडून पबमध्ये येऊन साक्षी ऐकल्या. मारच्या मोलकरणीला त्या रात्री कालवे आणायला बाहेर धाडले होते, म्हणून ती वाचली. परतल्यावर ती दार ठोठावत राहिली आणि आतून पावलांचा आवाज आला, पण दार उघडले नाही. इन्क्वेस्टमधली ही तिची साक्ष पुढे दोनशे वर्षे या प्रकरणाच्या प्रत्येक कथनात आली आहे.

बारा दिवसांनी दुसरा हल्ला झाला तो पबवरच. न्यू ग्रॅव्हल लेनमधल्या ‘किंग्ज आर्म्स’चा मालक जॉन विल्यमसन, त्याची बायको आणि मोलकरीण मारले गेले. संशयित जॉन विल्यम्स हा खलाशी ‘पेअर ट्री’ नावाच्या पबमध्ये राहायला होता. खटला उभा राहण्यापूर्वीच तो कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. ३१ डिसेंबरला त्याचे प्रेत उतरत्या फळीवर बांधून, हत्यारे शेजारी मांडून, गाडीतून मिरवण्यात आले. गाडी मारच्या दुकानासमोर काही मिनिटे थांबवली, ‘किंग्ज आर्म्स’समोर पुन्हा थांबवली आणि शेवटी केबल स्ट्रीटच्या चौरस्त्यावर प्रेतात मेख ठोकून ते पुरले. खुनाच्या जागा क्रमाने घेत, प्रत्येक ठिकाणी थांबा देत, गर्दी सोबत चालवणारी ही मिरवणूक म्हणजे फेरीचा दुसरा जुना नमुना. १८८६ मध्ये गॅसच्या नळासाठी खोदताना सांगाडा वर आला आणि त्याची कवटी कोपऱ्यावरच्या ‘क्राउन अँड डॉल्फिन’ पबच्या मालकाकडे गेली, असे सांगतात. खुनाची जागा, संशयिताचा मुक्काम, चौकशीची खोली आणि अवशेषाचे दुकान अशा चारही भूमिका एकाच प्रकरणात पबनेच पार पाडल्या.

गाइडचा पूर्वज मात्र एका कादंबरीत भेटतो. चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मध्ये (१८५२-५३) निनावी नकलनविसाचा इन्क्वेस्ट ‘सॉल्स आर्म्स’ या पबमध्ये भरतो. त्याच खोलीत एरवी गाण्याच्या मैफली होत असतात आणि तिथला विनोदी गायक लिटल स्विल्स चौकशीला प्रेक्षक म्हणून हजर असतो. त्याच संध्याकाळी त्याच पबमध्ये तो कोरोनरची हुबेहूब नक्कल करून टाळ्या घेतो. म्हणजे दिवसा चौकशी झाली आणि रात्री तिचाच खेळ, जागा तीच आणि श्रोतेही बरेचसे तेच. डिकन्सला हे ऐकीव नव्हते. १८४० मध्ये तो स्वतः एका अर्भकाच्या मृत्यूच्या इन्क्वेस्टवर ज्युरीत बसला होता. कोरोनर होता थॉमस वॅक्ली, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा संस्थापक. साक्षीचे करमणुकीत रूपांतर होताना मधे किती अंतर लागते, या प्रश्नाचे डिकन्सचे उत्तर ‘काही तास’ असे आहे.

आता प्रतिस्पर्धी दावे. फाशीचा दावा जुना आणि दणकट आहे. न्यूगेट तुरुंगासमोरच्या ‘मॅगपाय अँड स्टंप’ पबच्या खिडक्या फाशीच्या दिवशी भाड्याने जात. टायबर्नच्या वधस्तंभाकडे नेताना कैद्याला सेंट जाइल्सपाशी शेवटची बिअर पाजत, ही आख्यायिका फेऱ्यांमध्ये आजही हमखास ऐकू येते. पण टायबर्नची मिरवणूक १७८३ मध्ये बंद झाली. त्यानंतर न्यूगेटच्या दारातच फाशी होऊ लागली आणि १८६८ मध्ये मायकेल बॅरेटनंतर जाहीर फाशीच संपली. खुद्द व्हिक्टोरियन फाशीत चालणे उरलेलेच नव्हते. लोक एका जागी उभे राहून शिक्षा पाहत. गुन्हा कसा घडला हे तिथे कोणी उलगडत नसे.

मादाम तुसाँचे पुतळे १८३५ मध्ये बेकर स्ट्रीटवर स्थिरावले आणि खुन्यांचे दालन गर्दी खेचू लागले. तिथे गुन्हा पाहायला मिळे, पण जागेपासून तोडलेला. फेरीचे सगळे भांडवल ‘इथेच’ या शब्दात आहे आणि पुतळा तो शब्द उच्चारू शकत नाही.

खरी झुंज तिसऱ्या दाव्याशी आहे. १८५१ मध्ये डिकन्स इन्स्पेक्टर चार्ल्स फील्डसोबत रात्री सेंट जाइल्सच्या वस्तीत हिंडला आणि त्यावर लेख लिहिला. १८७२ मध्ये गुस्ताव दोरे आणि ब्लँचर्ड जेरल्ड यांचे ‘लंडन : अ पिलग्रिमेज’ निघाले. त्यासाठीच्या भटकंतीतही पोलिसांची सोबत होती. १८८० च्या दशकात सुखवस्तू लोकांनी अशा वस्त्या पाहायला जाणे ही फॅशनच झाली. रात्र, वाटाड्या, दारूचे अड्डे, अंगावर येणारा काटा असे सगळे या सैरीत आहे आणि आजच्या फेरीचा सूर बराचसा तिच्याकडून आला हे नाकारता येत नाही. पण सैरीत गुन्हेगार दाखवत, गुन्हा नाही. फील्ड दाखवतो तो जिवंत चोर, जो त्याला ओळखून टोपी काढतो. घडून गेलेल्या एका खुनाची वेळ, जागा आणि साक्ष जुळवणे हे त्या सैरीचे काम नव्हते. सूर सैरीचा असेल, सांगाडा इन्क्वेस्टचा आहे.

या मतावर सर्वांत अवघड आक्षेप खुद्द जॅक द रिपरचा आहे. फेऱ्यांचा हा सर्वांत लोकप्रिय विषय, आणि त्याच्या नावावरच्या १८८८ च्या पाच प्रसिद्ध खुनांपैकी एकाचाही इन्क्वेस्ट पबमध्ये भरला नाही. मेरी अ‍ॅन निकल्स आणि अ‍ॅनी चॅपमन यांचे इन्क्वेस्ट व्हाइटचॅपलच्या वर्किंग लॅड्स इन्स्टिट्यूटमध्ये, एलिझाबेथ स्ट्राइडचा केबल स्ट्रीटच्या व्हेस्ट्री हॉलमध्ये, कॅथरीन एडोजचा गोल्डन लेनच्या शवागारात आणि मेरी केलीचा शोरडिच टाउन हॉलमध्ये झाला. डॉक्टर आणि सुधारक बरीच वर्षे पबमधल्या चौकशीवर टीका करत होते आणि तोवर त्यांचे म्हणणे रुजले होते. शवागाराची व्यवस्था मात्र मागेच होती. व्हाइटचॅपलचे शवागार म्हणजे वर्कहाउसची एक शेड होती आणि कोरोनर विन बॅक्स्टरने त्याबद्दल भर चौकशीत तक्रार नोंदवली होती.

तरीही आक्षेप टिकत नाही, कारण पब सुटला तरी पायपीट सुटली नाही. १२ नोव्हेंबर १८८८ ला केलीच्या इन्क्वेस्टमध्ये शपथ झाल्यावर ज्युरीला बाहेर नेण्यात आले. आधी शोरडिच चर्चलगतच्या शवागारात प्रेत दाखवले, मग डॉर्सेट स्ट्रीटवरच्या मिलर्स कोर्टमधली तिची खोली. पुढे चालणारा होता इन्स्पेक्टर फ्रेडरिक अ‍ॅबरलाइन. जागा, क्रम, वाटाड्या आणि मागून येणारी मंडळी हे सगळे आजच्या फेरीसारखेच आहे, फक्त तिकीट नाही. आणि पब पुरता सुटलाही नव्हता. तो चौकशीच्या खोलीतून साक्षीत शिरला. कॅरोलाइन मॅक्सवेलने शपथेवर सांगितले की, शुक्रवारी सकाळी तिने केलीला ‘ब्रिटानिया’ पबबाहेर एका माणसाशी बोलताना पाहिले. डॉक्टरांच्या मते तोवर केलीला मरून काही तास झाले होते. हा पेच आजही फेरीत हटकून मांडला जातो.

एडोजच्या बाबतीत फेरीतली प्रत्येक वेळ इन्क्वेस्टमधूनच आलेली आहे. रात्री एकच्या सुमारास बिशपगेट पोलीस चौकीतून तिची सुटका झाली. १ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास जोसेफ लॉवेंडेने चर्च पॅसेजच्या तोंडाशी एका पुरुषासोबत तिच्यासारखी बाई पाहिली. त्यानंतर दहा मिनिटांच्या आतच शिपाई वॉटकिन्सला मायटर स्क्वेअरमध्ये प्रेत सापडले. गाइड घड्याळ दाखवत जे सांगतो ते मुळात शपथेवर दिलेले जबाब आहेत.

वारसा नेमका केव्हा दुसऱ्या हाती गेला हे एका तारखेने सांगता येते : १९ एप्रिल १९०५. त्या दिवशी आर्थर कॉनन डॉइल आणि त्याच्या ‘क्राइम्स क्लब’मधल्या काही सदस्यांनी व्हाइटचॅपलच्या खुनांच्या जागा चालत पाहिल्या. सोबत गुप्तहेर होते आणि माहिती देत होता डॉ. फ्रेडरिक गॉर्डन ब्राउन, एडोजच्या प्रेताची तपासणी करून तिच्या इन्क्वेस्टमध्ये साक्ष दिलेला सिटी पोलिसांचा शल्यचिकित्सक. ऐकणाऱ्यांत सॅम्युअल इंगल्बी ऑडी होता, जो पुढे स्वतः लंडनमध्ये कोरोनर झाला. सांगणारा इन्क्वेस्टचा साक्षीदार, ऐकणारा भावी कोरोनर, आणि दोघेही हौसेखातर चालत आहेत. या मताला यापेक्षा भक्कम पुरावा हवाच कशाला!

मूळ प्रथा त्याच काळात विझत होती. १९०२ च्या मद्यपरवाना कायद्याने, दुसरी योग्य जागा उपलब्ध असल्यास, पबमध्ये इन्क्वेस्ट भरवण्यावर बंदी आणली. १९२६ च्या कायद्याने ज्युरीने प्रेत पाहण्याची सक्ती काढली. पुढची काही दशके दुवा विरळ आहे. क्राइम्स क्लबची हौस आणि १९७० च्या दशकातला तिकिटाचा धंदा यांना जोडणारी अखंड साखळी दाखवता येत नाही. पण फेऱ्या बहरल्या तेव्हा त्यांच्या नामांकित गाइडांत डॉनल्ड रम्बेलो होता, सिटी ऑफ लंडनचा पोलीस आणि रिपरवरच्या १९७५ च्या गाजलेल्या पुस्तकाचा लेखक. अ‍ॅबरलाइनचे काम पुन्हा पोलिसाकडेच आले.

पबही परतला आणि जरा जास्तच उत्साहाने. कमर्शियल स्ट्रीटवरच्या ‘टेन बेल्स’ने १९७६ मध्ये ‘जॅक द रिपर’ हे नाव घेतले. खुन्याचा असा गौरव करण्याविरुद्ध स्त्रियांच्या संघटनांनी निदर्शने केली आणि १९८८ मध्ये, खुनांच्या शताब्दी वर्षी, जुने नाव परत लागले. हॅली रूबेनहोल्डच्या ‘द फाइव्ह’ (२०१९) या पुस्तकाने पाच स्त्रियांची आयुष्ये मांडून रिपरभोवतीच्या कथनालाच हात घातला. त्यातल्या तिघी वेश्या होत्या याला पुरावा नाही, असे तिचे म्हणणे आहे.

या वादानेही नाते अधिक उघड होते. इन्क्वेस्टचा पहिला प्रश्न मेलेले माणूस कोण होते हा असे आणि मारणारा कोण हा प्रश्न नंतर येई. ज्युरीतली माणसे त्याच वस्तीतली असल्यामुळे मृताला ओळखणारे कोणीतरी बहुधा जवळपास असे. फेरीने पायपीट, थांबे, साक्षी, पब आणि शेवटचा निवाडा हे सगळे घेतले, पण प्रश्नांचा क्रम उलटा केला. केलीच्या ज्युरीने एका दिवसात ‘अज्ञात इसमाकडून हेतुपुरस्सर खून’ असा निवाडा दिला आणि काम संपवले. फेरीतल्या ज्युरीला तो ‘अज्ञात’ मान्य नाही, म्हणून तिची बैठक अजून उठलेली नाही.