मल्लखांब

मल्लखांब : एक भारतीय व्यायामप्रकार. पुरलेल्या लाकडी खांबावर चढून, त्याला विळखे घालून व त्यावर तोल सावरून हा व्यायाम करतात. कुस्तीची पूरक तालीम हे त्याचे मूळ प्रयोजन.

इतिहास : चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आढळतो. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे सध्याचे कर्नाटकातील बसवकल्याण. धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तेथून जवळच असून हा प्रदेश तेव्हा चालुक्यांच्या अमलाखाली होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर (१७८०–१८५२) यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. वानरांच्या हालचालींवरून त्यांना पकडी सुचल्या, ही मात्र आख्यायिका होय. १८१८ नंतर बाजीरावाबरोबर ही विद्या ब्रह्मावर्तास गेली. पुढे वेताचा मल्लखांब रूढ झाला व चांगला वेत दुर्मिळ झाल्यावर त्याची जागा दोराने घेतली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा झाली.

तंत्र व परिणाम : सागवान वा शिसवीच्या खांबाचे बोंड, मान व अंग असे भाग असतात. त्याला एरंडेल लावतात. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा हे काही प्रकार. दोर पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमटीत धरतात. शरीराचा भार स्वतःच पेलावा लागत असल्याने बोटे, खांदे, पोट व पाठ यांच्या स्नायूंना एकत्रित व्यायाम घडतो. पकड स्पर्शाने साधत असल्याने अंधांनाही तो शिकता येतो. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने (स्थापना १९२५) असे प्रशिक्षण दिले आहे.

उपचारमूल्य : पाश्चात्त्य देशांत भिंतीवरील आरोहणाची रुग्णांवर चाचणी झाली आहे. जुनाट कंबरदुखीच्या २८ रुग्णांच्या २०११ मधील जर्मन अभ्यासात प्रकृतिविषयक काही घटकांत आरोहण करणारा गट नेहमीचा व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा सरस ठरला. नैराश्यावर मानसोपचाराशी जोडलेले कमी उंचीचे आरोहण प्रचलित गटोपचाराच्या तोडीचे असल्याचे एका जर्मन चाचणीत दिसले. तथापि त्या भिंतींवर हातापायांना आधार असतात. मल्लखांबात उलट्या अवस्था व निसटता पृष्ठभाग असतो. म्हणून ते निष्कर्ष मल्लखांबास जसेच्या तसे लावता येत नाहीत. उच्च रक्तदाब किंवा खांद्याची दुखापत असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय तो करू नये. निरोगी व्यक्तीचा व्यायाम म्हणून त्याची उपयुक्तता परंपरेने मान्य झालेली आहे. उपचार म्हणून मात्र त्याची स्वतंत्र परीक्षा व्हावयास हवी.